मपली बोली, तुपली बोली

घरात आजी आहे, खिशात मोबाइल आहे. मग अडतंय कुठं?

संध्याकाळची वेळ. सिडकोतला नाहीतर गारखेड्यातला टू बीएचके. बाबा ऑफिसातून आलेत, चहा पीत बातम्या बघतायत. तेवढ्यात गावाकडून फोन येतो आणि ज्या माणसाला आपण गेली वीस वर्षं ओळखतो तो एका क्षणात बदलतो. आवाज दोन पट्ट्या वर. ‘‘हाव, बोल! कव्हा आले? मंग कामून नाही सांगितलं मला? मपली मोटारसायकल घेऊन जायची न!’’ फोन ठेवला की गडी परत नॉर्मल. ‘‘अगं, चहात साखर जरा कमी झालीये.’’

तुमच्या घरी होतं ना हे?

आता स्वतःला विचारा. बाबा फोनवर जे बोलले ते तुम्हाला कळलं का? कळलं. सगळं कळलं. ‘कामून’ म्हणजे का, ‘कव्हा’ म्हणजे कधी, ‘मपलं’ म्हणजे माझं आणि ‘तुपलं’ म्हणजे तुझं. आता हेच तुम्ही बोलून दाखवा. मोठ्यानं. मित्रांसमोर. नाही ना जमत? जमलंच तर नक्कल केल्यासारखं वाटतं. आजी बोलते, बाबा फोनवर बोलतात, आपल्याला नुसतं कळतं. आपल्या पोरांना तर कळणारही नाही. बोली जाते ती अशी, तीन पिढ्यांत, घरातल्या घरात.

‘मराठवाडी बोली’ असं एका दमात म्हणणंही तसं चुकीचंच. आपल्या शहरातल्या कुठल्याही होस्टेलवर जा. एका खोलीत उदगीरचा पोरगा, एक कन्नडचा, एक वैजापूरचा. उदगीरवाला विचारतो, ‘‘काय करूलालास बे?’’ आणि बाकीचे दोघं आठवडाभर त्या ‘करूलालास’वर हसतात. कन्नड-सोयगावकडच्याच्या बोलण्यात खानदेश डोकावतो, वैजापूरवाल्याच्या बोलण्यात नगर. लातूर-धाराशिवकडं मार्गशीर्षातल्या अमावास्येला सगळं गाव वावरात जाऊन भज्जी खातं, आंबील पितं. कॅलेंडरवाले तिला वेळ अमावस्या म्हणतात, तिकडची माणसं म्हणतात येळवस. वाळूजच्या कंपन्यांमधल्या शिफ्टमध्ये तर आख्खा मराठवाडा, वर खानदेश आणि विदर्भ असं सगळं एकाच लाईनवर उभं असतं. बोली ऐकायच्या असतील तर आपल्या शहरासारखं शहर नाही. फक्त या शहरात आल्यावर जो तो आधी आपली बोली बॅगेत घालून चेन लावतो.

हसायला चालते, व्हायवाला चालत नाही

का लावतो, हे आपल्याला नीट माहिती आहे. फर्स्ट इयरला आमच्या वर्गातली एक मुलगी प्रेझेंटेशनला उभी राहिली. विषय तिला चोख येत होता. तिसऱ्या वाक्याला तिच्या तोंडून ‘लई’ निघालं आणि मागचे दोन बाक फिस्सकन हसले. वरून ‘शुद्ध बोला’ असंही ऐकवलं गेलं. त्यानंतर ती वर्गात बोलायची, पण प्रत्येक वाक्य आधी मनात इस्त्री करून. खरं सांगायचं तर त्या हसणाऱ्या बाकावर मीही होते. माझी आजी जालना जिल्ह्यातली, घरात दिवसरात्र ‘लई’ ऐकत वाढलेली मी.

गंमत बघा. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ आपण डोक्यावर घेतलं. आपल्याच विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणाऱ्या लक्ष्मण देशपांडेंनी एकट्यानं बावन्न पात्रं उभी केली, ती सगळी मराठवाड्याच्या मातीतल्या बोलीतून. मकरंद अनासपुरेंनी तोंड उघडलं की थिएटरात शिट्ट्या. रा. रं. बोराडेंची ‘पाचोळा’ 1971 साली आली. एका शिंप्याच्या बायकोनं तिच्याच बोलीत सांगितलेली ती दुःखाची गोष्ट आपण अभ्यासक्रमात लावतो, तिच्यावर पेपर लिहितो. म्हणजे बोली विनोदाला चालते, पुरस्काराला चालते. बँकेच्या इंटरव्ह्यूला मात्र ‘पाणी’तला ण नाकातून नीट आलाच पाहिजे.

आणि हे फक्त मराठी घरातलं नाही. रोशन गेट किंवा शहागंजकडच्या मैत्रिणीच्या घरी जा. तिची दादी ‘कायकू’, ‘नक्को’, ‘मैंच बोली’ असं बोलते. ही दखनी. तिच्यातलं ‘नक्को’ म्हणजे आपलं नको, आणि ‘मैंच’मधला तो ‘च’ही आपलाच. याच शहरातला वली, जन्म 1667चा, 1700 साली दिल्लीला गेला. तिथले शायर तेव्हा फारसीत लिहायचे. वलीच्या गझला ऐकून त्यांना कळलं की आपल्या बोलण्यातल्या भाषेतही शायरी होते. दिल्लीला धडा देणाऱ्या शहरातली नात आज दादीला टोकते, ‘‘दादी, कायकू नहीं, क्यों बोलो.’’ टोकणं सेम, लाज सेम.

या लाजेचं काय होतं ते बघायला थोडं लांब जाऊ. अमेरिकेत लुइझियाना नावाचं राज्य आहे. तिथं फ्रेंच बोलणारी शेतकरी आणि मच्छीमार मंडळी होती. त्यातल्या बऱ्याच जणांचे पूर्वज 1755 पासून कॅनडातून हाकलले गेलेले. त्यांची फ्रेंच म्हणजे खेड्यातली, जुन्या शब्दांची. 1921च्या राज्यघटनेनं तिथल्या शाळांत इंग्रजी सक्तीची केली. शाळेत फ्रेंच बोलल्याबद्दल पोरांना शिक्षा व्हायच्या. ती पोरं मोठी झाली, आईबाप झाली आणि त्यांनी ठरवलं, आपण जे सोसलं ते लेकरांनी सोसायचं नाही. लेकरांशी फक्त इंग्रजी. एका पिढीत साखळी तुटली. 1968 साली सरकारला जाग आली, फ्रेंच वाचवायला वेगळी संस्था काढली आणि शिक्षक आणले थेट फ्रान्स-बेल्जियममधून. ते शिकवायचे पुस्तकी फ्रेंच. नातवंडं ती शिकून घरी यायची आणि आजीशी बोलायला गेली की आजीचे शब्द वेगळे, यांचे वेगळे. भाषा वाचली म्हणायची आणि आजी पुन्हा चुकीचीच ठरली. ज्यांना खरंच ती बोली हवी होती ते शेवटी आजी-आजोबांच्या पायरीवरच जाऊन बसले. टेप रेकॉर्डर घेऊन.

आपल्याकडं छडी घेऊन कुणी उभं नव्हतं, असं वाटेल. निजामाच्या राज्यात सरकारी कामकाज उर्दूत चालायचं. 1918 साली निघालेलं उस्मानिया विद्यापीठही उर्दूच. म्हणजे आपल्या पणजोबांना शिकायचं तर आधी मराठी बाजूला ठेवावी लागे. नंतर मराठी आली, शाळा आल्या, आणि त्या मराठीनं आपली बोली बाजूला ठेवायला सांगितलं.

आपला आवाज कुणी घेतलाच नाही

हे मला इंटर्नशिपमध्ये एका बातमीसाठी वाचताना कळलं आणि जरा लागलं. इंग्रजांच्या काळात जॉर्ज ग्रिअर्सननं भारतातल्या भाषांची अवाढव्य पाहणी केली. मराठीवरचा तिचा खंड 1905चा. कोकणी, वऱ्हाडी, खानदेशी, सगळ्यांचे नमुने गोळा झाले. ठिकठिकाणी एकच गोष्ट तिथल्या बोलीत सांगायला लावायचे, बायबलमधल्या उधळ्या मुलाची. पुढं काही बोलींच्या ग्रामोफोनवर तबकड्याही झाल्या. पण निजामाचं हैदराबाद संस्थान त्या पाहणीच्या बाहेर राहिलं. आणि मराठवाडा तेव्हा कुठं होता? हैदराबाद संस्थानात. आपल्या पणज्या कशा बोलायच्या, याची नोंद घ्यायला शंभर वर्षांपूर्वी कुणी आलंच नाही.

अलीकडं पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं राज्य मराठी विकास संस्थेबरोबर मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलं. गावोगाव जाऊन माणसांना बोलतं केलं आणि ते ऑनलाइन ठेवलं. एका साध्या शब्दाला कुठल्या जिल्ह्यात काय म्हणतात ते नकाशावर बघता येतं. एकदा बघाच, रील्सपेक्षा जास्त वेळ जातो. पण सर्वेक्षणवाले प्रत्येक घरात कसे जाणार? तुमच्या आजीच्या पलंगाजवळ बसायचा पास फक्त तुमच्याकडं आहे.

आणि घरातल्या माणसानं हे काम केलं की काय होतं, याचं उदाहरण अजिंठ्याचा डोंगर उतरला की सापडतं. जळगावच्या बहिणाबाई चौधरी. लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात काम करता करता त्या आपल्या बोलीत गाणी रचायच्या. मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी ती लिहून ठेवायचे. बहिणाबाई 1951च्या डिसेंबरात गेल्या. नंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली, आणि 1952 साली पुस्तक आलं. वही नसती तर आज जळगावच्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे त्या बाई शेजारच्या चार घरांपलीकडं कुणाला माहीत नसत्या. सोपानदेव स्वतः कवी होते, प्रमाण मराठीत लिहायचे. आईची गाणी उतरवताना त्यांनी आईची बोली ‘सुधारली’ नाही, हे मला सगळ्यात भारी वाटतं. आपण व्हॉट्सअ‍ॅपवर आईचं स्पेलिंग सुधारतो.

त्याच्याही कितीतरी आधी, तेराव्या शतकात, म्हाइंभटांनी हेच केलं होतं. चक्रधरस्वामी गेल्यावर ते स्वामींच्या शिष्यांकडं फिरले, ज्याला जे आठवतं ते विचारलं आणि त्यातून लीळाचरित्र झालं. चक्रधर आपल्या पैठणलाही राहिले होते. म्हणजे माणसांना भेटून आठवणी गोळा करायचा हा उद्योग आपल्या भागाला नवा नाही. मराठीला 3 ऑक्टोबर 2024ला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा ज्या जुन्या ग्रंथांकडं बोट दाखवलं गेलं, त्यातला हा एक. तोही कुणीतरी कुणालातरी ‘आठवतंय का?’ असं विचारल्यामुळं झालेला.

जात्यावरच्या ओव्यांचंही तसंच. पुण्यात स्थायिक झालेले मूळचे फ्रेंच गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी खेडोपाडीच्या बायकांच्या ओव्या गोळा करायला घेतल्या आणि आकडा एक लाखाच्या पुढं गेला. आता त्या ‘पारी’च्या वेबसाइटवर ऐकायला मिळतात. त्यात बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्याही आहेत, 1996 साली रेकॉर्ड केलेल्या. हेडफोन लावून ऐका. आवाज ओळखीचा वाटेल. कुणाच्यातरी आजीचा वाटेल.

मी केलेली चूक, तुम्ही करू नका

एवढं सगळं वाचून पेटून उठले मी. दिवाळीत गावी गेले. वहीत पन्नास शब्दांची यादी: पाऊस, चूल, भांडं, सासू, विहीर. आजीला खुर्चीत बसवलं, फोन समोर धरला. ‘‘आजी, विहिरीला तू काय म्हणतेस?’’

आजीनं पदर सारखा केला. घसा खाकरला. आणि बातम्या देणाऱ्या बाईसारखी म्हणाली, ‘‘विहीर.’’

पन्नासच्या पन्नास शब्द तिनं मला ‘शुद्ध’ सांगितले. मी फोन बंद केला तशी ती सुनेला म्हणाली, ‘‘झालं वं माय एकदाचं. लई येळ बसवलं पोरीनं.’’ ते रेकॉर्ड झालं नाही, हे सांगायला नको.

विल्यम लबॉव्ह नावाच्या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञानं हा पेच कधीच सांगून ठेवलाय. माणसं कुणी ऐकत नसताना कशी बोलतात ते आपल्याला ऐकायचं असतं, पण ऐकायला तर समोर बसावंच लागतं. त्याची युक्ती भन्नाट होती. शब्द विचारायचेच नाहीत. विचारायचं, ‘तुम्ही कधी मरता मरता वाचलात का?’ माणूस ते सांगायला लागला की भान हरपतो, आणि खरी बोली आपोआप बाहेर येते.

मराठवाड्यातल्या आजीला हा प्रश्न विचारायची सोपी पद्धत आहे. ‘‘आजी, बहात्तरचा दुष्काळ सांग ना.’’

दुसऱ्या दिवशी मी तेवढंच म्हणाले. ती लसूण सोलत होती, फोन टोपल्याशेजारी उपडा ठेवलेला. बेचाळीस मिनिटं. दुष्काळी कामावर खडी फोडायला कोण कोण जायचं. सुकडी कशी वाटायचे. अमेरिकेतून आलेली ती लाल मिलो ज्वारी, तिची भाकरी कशी व्हायची आणि कशी गिळायची. मध्येच ती हसली, मध्येच गप्प झाली. ‘कामून’ सतरा वेळा आलं, मी नंतर मोजलं. ‘विहीर’ एकदाही नाही, दर वेळी ‘हीर’.

मग दुष्काळावरून गाडी सुगीवर आली, आणि मला पहिल्यांदा कळलं की शब्द एकटे जात नाहीत. आजीनं खळं सांगितलं. जमीन चोपून, शेणानं सारवून केलेलं गोल खळं. मधोमध रोवलेला खांब तो तिवडा. त्याला जुंपलेले बैल कणसांवरून गोल फिरायचे, ती पात. बैलांनी खाऊ नये म्हणून तोंडाला मुसकं. मग वाऱ्याच्या दिशेनं उंच वावडीवर उभं राहून उपणायचं, भूस उडून जायचं, दाणे खाली. त्याची रास. आणि शेवटी मातीत मिसळून उरलेलं धान्य ते मातेरं. मळणीयंत्र आलं आणि एका सुगीत खळंच गेलं. खळं गेलं तसे तिवडा, पात, वावडी सगळे गेले. शहरात फक्त एक उरलं. सेमिस्टरला केटी लागली की आपण म्हणतो, ‘वर्षाचं मातेरं झालं.’ मातेरं बघितलंय कुणी?

म्हणून सांगते, यादी नेऊ नका. काम चालू असताना बसा, निवडणं, सोलणं, वळणं काहीही. हात चालले की तोंड चालतं. जुनी वस्तू हातात द्या. माळ्यावरचं शेर-मापटं नाहीतर लग्नातलं पातेलं काढलंत तर अर्ध्या तासाची सोय झाली. आणि बोलण्याआधी सांगा की रेकॉर्ड करतेय. चोरून करू नका, आपलीच आजी असली तरी. माझ्या आजीनं मधल्या पाच मिनिटांत एका जाऊबाईंचा उद्धार केला आणि मग म्हणाली, ‘‘हे खोडून टाक.’’ खोडलं. वाईट वाटलं, कारण भाषेच्या दृष्टीनं ती सर्वोत्तम पाच मिनिटं होती.

तांत्रिक भानगड फार नाही. पंखा बंद, टीव्ही बंद, कुकर नंतर. फोन एरोप्लेन मोडवर, नाहीतर ऐन रंगात क्रेडिट कार्डवाल्यांचा कॉल येतो. फोन फरशीवर न ठेवता घडी घातलेल्या कापडावर ठेवा, आदळआपट कमी ऐकू येते. फाइलला ‘न्यू रेकॉर्डिंग 47’ नाव ठेवून सोडून देऊ नका. कोण बोलतंय, कुठल्या गावचं, वय किती, तारीख काय, एवढं तिथंच लिहा. माहेरचं गाव विसरू नका, कारण आजीची बोली बऱ्याचदा सासरची नसते, माहेरची असते. फक्त व्हॉट्सअ‍ॅपच्या भरवशावर राहू नका, फोन बदलला की जातं. दोन-तीन ठिकाणी ठेवा. आणि लिहून काढाल तेव्हा ती ‘म्हनलं’ म्हणाली असेल तर ‘म्हनलं’च लिहा. बोट ‘ण’कडं जाईल. जाऊ देऊ नका. एखादा शब्द अडला तर आईला किंवा बाबांना विचारा. त्यांना येतं सगळं, नुसतं कुणी विचारत नाही. माझ्या बाबांनी तर तिवडा कागदावर काढून दाखवला आणि मग तासभर तेच बोलत बसले. फोनवरच्या आवाजात!

‘पुढच्या सुट्टीत बघू’ म्हणत असाल तर एक सांगते. माझ्या आजोबांचा आवाज माझ्याकडं चौदा सेकंद आहे. मी शहरात आले त्या वर्षीची एक व्हॉइस नोट. ‘‘बसली का गाडीत? पोचल्याबरूबर फोन कर. अन् त्या डब्यातलं खाय, न्हाईतर आंबंन.’’ बस्स. ते विहिरी खोदणाऱ्या माणसांबरोबर आयुष्यभर फिरलेले. पाणी लागायच्या आधी माती कशी बदलते, दगडाच्या कुठल्या थराला काय म्हणतात, हे ते जेवताना सांगत बसायचे आणि मी मोबाइलमध्ये मान घालून ‘हं’ म्हणायचे. आता त्या थरांची नावं घरात कुणालाच येत नाहीत. बाबांनाही नाहीत. गावात एक म्हातारे आहेत, त्यांना येत असतील. मकर संक्रांतीला जाणार आहे मी त्यांच्याकडं.

आजी सध्या आमच्याकडं आलीय, डोळ्याचं ऑपरेशन झालंय. टीव्ही बघायचा नाही, त्यामुळं जाम कंटाळलीय. काल रात्री मी पलंगावर तिच्याशेजारी बसले तर तीच म्हणाली, ‘‘ते मोबाइलचं यंतर कुठंय तुपलं? चालू कर. काल ते पेवाचं सांगायचं ऱ्हायलं.’’

मी उठून पंखा बंद केला.